शब्दचर्चा : ‘एनिमीज टू लव्हर्स’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : होली ब्लॅक यांच्या ‘द क्रुएल प्रिन्स’ (२०१८) या कादंबरीच्या परीक्षणासाठी, आधी वैरी असलेले दोघं पुढे प्रेमात पडतात अशा कथाप्रकाराला शब्द हवा आहे. ‘शत्रुप्रेमी’ चालेल का?

प्रतिसाद १ : नको. निसर्गप्रेमी, श्वानप्रेमी या चालीवर त्याचा अर्थ ‘शत्रूंची आवड असलेला’ असा होईल. ‘शत्रू ते प्रेमी’ म्हटलं तर ‘दादर ते ठाणे’ वाटतं.

प्रतिसाद २ : आपल्याकडे छत्तिसाचा आकडा आहेच. ३६ मध्ये तीन आणि सहा पाठीला पाठ लावून बसतात, ६३ मध्ये तोंडं समोरासमोर येतात. ‘छत्तिसाचे त्रेसष्ट’ म्हणा.

प्रतिसाद ३ : सुंदर! फक्त ‘त्रेसष्टी कादंबरी’ म्हणू नका, एकसष्टीसारखा शाल-श्रीफळाचा समारंभ वाटेल.

पण त्याआधी एक शंका. या पुस्तकाच्या सुरुवातीला नायिका ज्यूड आणि नायक कार्डन यांच्यात जे असतं त्याला वैर म्हणता येईल का? वैराला दोन्ही बाजूंनी थोडंफार बळ लागतं. साप-मुंगसाचं वैर असतं. मांजर उंदराला खेळवतं त्याला आपण वैर म्हणत नाही. कार्डन राजपुत्र, ज्यूड त्या अमानवी राज्यात वाढलेली माणसाची पोर. त्याचं टोळकं तिला आणि तिच्या जुळ्या बहिणीला नदीत ढकलतं, आणि त्या नदीत माणसं खाणाऱ्या जलपऱ्या आहेत. हा छळ झाला. खरा दावा मॅडॉकशी निघायला हवा, त्याने तिच्या आईबापांना मारलंय. पण तोच तिला वाढवतो आणि तिची त्याच्यावर मायाही बसते. कादंबरीतलं हे सर्वांत गुंतागुंतीचं नातं, आणि जाहिरातीत त्याचा पत्ता नसतो.

प्रश्नकर्ती : मग वाचक कार्डनवर एवढे लुब्ध का?

प्रतिसाद ३ : कारण कार्डनच्या त्या अमानवी लोकांना, म्हणजे इंग्रजीतल्या ‘फेअरीं’ना, खोटं बोलताच येत नाही. ते शब्द फिरवतील, अर्धंच सांगतील. असत्य मात्र तोंडातून निघत नाही. एरवी ‘वैऱ्याचं मन पालटलं’ यावर विश्वास बसायला पन्नास पानं खर्चावी लागतात. इथे कबुली दिली की ती खरीच. शिवाय कार्डनच्या एका पुस्तकात ज्यूडला एक कागद सापडतो. त्यावर तिचंच नाव पुन्हापुन्हा, कागदात रुतेल इतकं दाबून लिहिलेलं. आपल्याकडे याला ‘डूख धरणे’ म्हणतील. सापासारखं मनात धरून ठेवणं. ते द्वेषातून की ओढीतून, हे कागद सांगत नाही. मोहिनी आहे ती तिथे.

प्रतिसाद ४ : आणि उणीवही तिथेच. ओढ दाखवली, पण केलेल्या छळाचा हिशेब? ‘तो तिच्याचमुळे अस्वस्थ होता’ हे कारण झालं, प्रायश्चित्त नव्हे. त्यात तीन भागांच्या मालिकेतल्या या पहिल्या भागाच्या शेवटी पारडं उलटतं. कार्डन वर्षभर आणि एक दिवस तिची आज्ञा पाळायला शपथेने बांधलेला. तिने हुकूम दिला की नकार संपला. अशा बांधलेल्या माणसाच्या प्रेमाला ‘मनधरणी’, ‘संमती’ हे शब्द कसे लावायचे? बळ एकाकडून दुसऱ्याकडे गेलं, समसमान झालंच नाही. निदान पहिल्या भागात तरी.

प्रतिसाद २ : म्हणजे ६३ अजून दूर. ते पुढच्या दोन भागांचं काम.

प्रतिसाद ५ : जाता जाता, या लोकांना ‘परी’ म्हणू नका. परी म्हटलं की पंख आणि जादूची कांडी आठवते, शिवाय पुरुषाचं काय करायचं? ‘यक्ष’ बघा. देखणे, लहरी, माणसाला पेचात टाकणारे.

प्रतिसाद ३ : यक्ष झकास. तर वाक्य असं करता येईल : ‘छळाने सुरू झालेली ही गोष्ट वैरापर्यंत येते, आणि त्रेसष्टाची नुसती चाहूल लागते तोच पहिला भाग संपतो.’ आकडा मात्र देवनागरीतच छापा. इंग्रजी सहाचं (6) पोट बंद असतं, तोंड कुठे ते कळत नाही.