कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी ‘सर्न’सारखी सामायिक प्रयोगशाळा शक्य आहे का?

राजेंद्रनगर, इंदूर:
आमच्या घरापासून जवळच असलेल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राच्या पुढाकाराने जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या अनेक देशांच्या सामायिक भौतिकशास्त्र प्रयोगशाळेच्या महाकाय कणत्वरकासाठी (सूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रासाठी) सुमारे ७००० जॅक, म्हणजे जड भार अचूक जागी उचलून धरणारे आधार, पुरवले गेले आणि तेथील पंधरा मीटर लांबीचे चुंबक त्यांच्यावर तोललेले आहेत, हे आम्ही पाहुण्यांना आवर्जून सांगतो. अनेक देश मिळून असे यंत्र उभारू शकतात, तर प्रगत कृत्रिम बुद्धिमत्ता मात्र अमेरिका आणि चीन यांनी एकमेकांवर कुरघोडी करतच का घडवावी?

स्नेहलतागंजातील वाचक:
तुलना आकर्षक असली तरी मला ती पटत नाही. १९५४ साली स्थापन झालेल्या ‘सर्न’मधील संशोधन प्रसिद्ध करण्यासाठीच असते आणि नव्या कणाच्या शोधाने कोणाचे सैन्य बळकट होत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेत मात्र भाषांतर करणारी प्रणालीच सायबर हल्ल्यालाही हातभार लावू शकते. म्हणूनच ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने चीनला प्रगत चिप विकण्यावर निर्बंध घातले. जवळचे उदाहरण अणुशक्तीचे आहे. तिच्यावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण ठेवण्याचा अमेरिकी प्रस्ताव १९४६ मध्ये मांडला गेला आणि बारगळला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था १९५७ मध्ये आली, तोवर तीन देशांकडे बॉम्ब होते.

सुदामानगर:
अडवणुकीने फार काळ काही थांबत नाही. भारताला बाहेरून महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये ‘सी-डॅक’ या सरकारी संगणन संशोधन संस्थेची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये पुण्यात ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. (त्यातील ‘ट्रान्सप्युटर’ नावाच्या प्रक्रिया करणाऱ्या चिप मात्र ब्रिटिश होत्या, हे अभिमानाच्या भरात आपण विसरतो.)

स्नेहलतागंजातील वाचक:
तुमचा कंस मूळ वाक्याहून मोलाचा आहे. आजही सर्वांत सूक्ष्म चिप छापणारी यंत्रे नेदरलँड्समधील एकच कंपनी बनवते. म्हणजे स्पर्धक देशही परस्परांपासून सुटे नाहीत. तरीही सामायिक प्रयोगशाळेपेक्षा सामायिक चाचण्यांची आणि बिघाडांच्या सामायिक नोंदीची अपेक्षा मला अधिक व्यवहार्य वाटते. बोइंग आणि एअरबस ग्राहकांसाठी झगडतात, पण विमान कोसळले की चौकशीतून निघालेला धडा दोघांनाही मिळतो. १९४४ च्या शिकागो करारातून उभी राहिलेली ही व्यवस्था स्पर्धा न थांबवता चालते. कृत्रिम बुद्धिमत्तेतील गंभीर बिघाडांची अशी नोंद ठेवण्यास कोणालाही आपले गुपित उघड करावे लागणार नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमधील ब्लेचली येथे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सुरक्षिततेविषयीच्या जाहीरनाम्यावर अमेरिका, चीन आणि भारत यांच्यासह २८ देश एकत्र आले होते; मात्र फेब्रुवारी २०२५ मध्ये, भारत सहअध्यक्ष असलेल्या याच विषयावरील पॅरिस परिषदेत, अमेरिका आणि ब्रिटन यांनी निवेदनावर सही केली नाही.

राजेंद्रनगर, इंदूर:
मग आपल्या वाट्याचा जॅक कोणता? इंग्रजीत नाकारलेले घातक उत्तर हीच प्रणाली मराठीत किंवा माळवीत देऊन बसते का, याची चाचणी जिनिव्हात बसून कोण करणार?