मदत हवी आहे: ओन्डॅनसेट्रॉनमुळे बद्धकोष्ठ, पर्याय काय?

आईची केमो चालू आहे. उलटीसाठी ओन्डॅनसेट्रॉन ८ मिलिग्रॅम, जिभेवर विरघळणारी गोळी दिली आहे. (पाकिटातून काढताना बोट जरा ओलं असलं तरी भुगा होतो, कोरड्या हातानेच काढावी लागते.) केमोच्या दिवशी उलटी अजिबात नाही, त्याबद्दल तक्रार नाही. पण पोट साफ होत नाही, फुगून दगडासारखं होतं, वर डोकंही दुखतं.

डॉक्टरांनी समजावलं ते असं: केमोमुळे आतड्यातल्या पेशी सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात, त्यातून मेंदूला उलटीचा इशारा जातो. गोळी तो इशारा अडवते, पण त्याच सेरोटोनिनवर आतड्याची हालचालही चालते, म्हणून ती मंदावते. पटलं, पण उपाय हवाय ना!

याच गटातल्या ग्रॅनिसेट्रॉनचा पॅच किंवा पॅलोनोसेट्रॉनचं इंजेक्शन कुणाच्या घरी वापरलंय का? पॅलोनोसेट्रॉनचा असर जास्त काळ टिकतो, मग बद्धकोष्ठही लांबतं का? रेचक ओन्डॅनसेट्रॉनसोबतच सुरू केलं की त्रास झाल्यावर? आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची मळमळ या गोळीला फारशी दाद देत नाही, तेव्हा तुमच्याकडे काय जोडून दिलं होतं?

आणखी एक. आई एसिटॅलोप्रॅम (नैराश्य-चिंतेवरचं औषध) ही घेते. दोन्ही औषधांनी ईसीजीतला क्यूटी (हृदयाच्या प्रत्येक ठोक्यातला एक ठरावीक कालावधी; तो लांबला तर ठोके बिघडू शकतात) वाढू शकतो, म्हणून तिचा ईसीजी मागून घेणार आहे. पोटॅशियम, मॅग्नेशियमही तपासायला सांगितलं होतं का कुणाला? बदल डॉक्टरांना विचारूनच करू, फक्त काय विचारायचं ते नीट ठरवायचंय.