मदत हवी आहे: मुलीचं संमतीपत्र, शुक्रवारपर्यंत

निशिगंधा_कोथरूड: संमतीपत्र नोटरी करून लवकर कुठे मिळेल? दोन्ही पालकांच्या सह्या पाहिजेत म्हणतायत आणि शुक्रवार शेवटचा. लेक एका युवा गटाबरोबर परदेशात चाललीय, तिकडच्याच कुटुंबात राहायचं, तिथल्या मुलांबरोबर शाळेच्या आवारात झाडं लावायची, तीन आठवडे. तिकिटं काढून झालीत, प्लीज लवकर सांगा.

पेठकर: शिवाजीनगर कोर्टाबाहेर दहा मिनिटांत होतं. १०० चा स्टॅम्प पेपर घ्या आणि दोघं ओळखपत्रं घेऊन जा.

अवलिया_७१: शंभरचा जमाना गेला हो, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० चा. ताई, जाणार कुठे? वय काय? नेपाळ असेल तर व्हिसाही लागत नाही.

सह्याद्रीवेडा: झाडं लावायला परदेशात? बाबा आमट्यांनी १९६७ साली चंद्रपूरकडच्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली, तिथे पाठवा. मी दोनदा गेलोय, भर मे महिन्यात कुदळ मारून हाताला फोड आलेत, त्यापुढे हे म्हणजे विमानाने जाऊन गरिबी बघणं.

निशिगंधा_कोथरूड: नैरोबी. वय १७. सोमनाथचं मी विचारलेलंच नाही.

अवलिया_७१: सह्याद्री, १९३४ च्या भूकंपानंतर पिअर सेरेसोल नावाचा स्विस माणूस सोबती घेऊन बिहारमध्ये घरं बांधायला आला होता. तेव्हा त्याला कोणी म्हणालं नाही की तुमच्या आल्प्समध्ये खणा म्हणून.

सह्याद्रीवेडा: तो पुन्हा पुन्हा आला. ही मुलं तीन आठवड्यांत परत. झाड जगलं का बघायला कोण थांबणार?

डॉक्टर_नाही_मी: यलो फीवरची लस घेतली का? टोचल्यावर १० दिवसांनी कार्ड लागू होतं. परत येताना भारतात मागतात, नसेल तर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइन. केनियाला व्हिसा जानेवारी २०२४ पासून नाही पण ई-टीए (प्रवासाची आगाऊ परवानगी) ऑनलाइन काढावा लागतो.

निशिगंधा_कोथरूड: लस झाली, पिवळं कार्ड फ्रिजवर चिकटवून ठेवलंय. ई-टीए पण झाला. अडचण सहीची आहे, हे बोटीवर आहेत ना, ऑगस्टमध्ये उतरणार.

पेठकर: अहो मग हे आधी सांगायचं! मी दोघं जा म्हणून सांगून मोकळा.

लाटेवरची: आमचेही मर्चंट नेव्हीत. ह्यांनी कॅप्टनसमोर सही करून स्कॅन पाठवला होता, मूळ कागद पुढच्या बंदरातून कुरियरने आला. वडील जहाजावर असल्याचं कंपनीचं पत्र जोडा. पण हे चालेल का ते आयोजकांना आत्ताच मेल करून लेखी घ्या, फोनवरचं "हो चालेल" धरू नका.

डॉक्टर_नाही_मी: आणि बाकरवडी देणार असाल तर कॅरीबॅगेत नको, केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. जेवणाची काळजी नको, तिकडे चपातीला चपातीच म्हणतात, आणि दुकानाला डुका.

पेठकर: पुण्यातून चाललीय. पोळी म्हणायचं.

निशिगंधा_कोथरूड: @लाटेवरची खूप आभार, आयोजकांचा मेल आला, शुक्रवारपर्यंत स्कॅन चालेल, मूळ प्रत निघायच्या आधी. ह्यांना सकाळी मेसेज टाकलाय, अजून एकच टिक.