मदत हवी आहे: ओटीपोटात सतत दुखतंय, सोनोग्राफी नॉर्मल

मृगजळ: दोन वर्षं दुखतंय. तीन डॉक्टर झाले, दोनदा सोनोग्राफी, दोन्ही नॉर्मल. शेवटच्या डॉक्टर म्हणाल्या, "बाळ झालं की थांबेल." काल ऑफिसात खुर्चीचा हात घट्ट धरून मीटिंग संपवली. गोळ्या घेऊन झाल्यात. आता कुठली तपासणी करू तेवढं सांगा, प्लीज लवकर.

केतकी_: वय? पाळीतच दुखतं की एरवीही? गोळ्या कुठल्या?

मंदाकाकू: ओवा-बडीशेपेचं पाणी कोमट करून घे गं. सोबत गरम पाण्याच्या पिशवीचा शेक.

प्राजक्त: काकू, शेकानं तेवढ्यापुरतं बरं वाटेल. दोन वर्षांचं दुखणं आहे, कारण शोधायला नको का?

मृगजळ: ३१. आधी पाळीतच दुखायचं, आता अधले-मधले दिवसही. मेफ्टाल स्पास.

केतकी_: संडासला जाताना दुखतं? संबंधांच्या वेळी? की लघवी तुंबली की वाढतं?

मृगजळ: पाळीत संडासला बसलं की आत सुरी फिरते. नवऱ्याला जवळ येऊ देत नाही. डॉक्टरांनी विचारलं नाही, मग मीही बोलले नाही.

केतकी_: हे सगळ्यात आधी सांगायचं! मला असंच व्हायचं, एंडोमेट्रिओसिस निघालं, म्हणजे गर्भपिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढतो. चॉकलेट सिस्ट, म्हणजे अंडाशयात साकळलेल्या रक्ताची गाठ, असेल तर सोनोग्राफीत दिसते, पण पोटाच्या आतल्या पडद्यावरचे बारीक ठिपके बहुतेक वेळा दिसतच नाहीत. त्यामुळे नॉर्मल रिपोर्ट म्हणजे काही नाही असं नव्हे. मी डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी २ मिलिग्रॅम रोज घेते, खूप फरक आहे.

प्राजक्त: माझ्या बायकोला त्याच गोळीनं दिवसदिवस उदास वाटायचं. दुर्बिणीतून (लॅपरोस्कोपी) पोटात बघून घ्या, सोक्षमोक्ष लागतो.

केतकी_: लगेच ऑपरेशन कशाला? २०२२च्या युरोपियन मार्गदर्शक सूचनांत दुर्बिणीशिवायही औषध सुरू करता येतं असं आहे.

पीसीओडी_योद्धा: साखर बंद, रोज पाऊण तास चालणं. माझी पाळी नियमित झाली.

मृगजळ: मला पीसीओडी नाही हो.

रानजाई: गर्भपिशवीचा टीबी विसरू नका. चुलतबहिणीला ना खोकला ना ताप, गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासला तेव्हा कळलं.

केतकी_: मृगजळ, बाळासाठी प्रयत्न चालू आहेत का?

मृगजळ: हो, आठ महिने. लिहायचं राहिलं.

केतकी_: अगं! मग डायनोजेस्टचं मी मागे घेते, प्रयत्न चालू असताना ती चालत नाही. आता प्राजक्त म्हणतात त्या दुर्बिणीबद्दल डॉक्टरांना नक्की विचार. आधी एमआरआय करायचा का, तेही. आणि एंडोमेट्रिओसिसच्या केसेस नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच जा.

प्राजक्त: मेडिक्लेमचा वेटिंग पिरियड आधी बघा.

मृगजळ: दुखण्याच्या नोंदींची वही घातली आहे. या महिन्यात ११ दिवस दुखलं, त्यातले ४ संडासच्या वेळी. शनिवारी ती घेऊनच जाणार. नाशिकमध्ये नीट ऐकून घेणारं कुणी आहे का?

रानजाई: व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.