मदत हवी आहे : पहिल्या प्यूनिक युद्धातला रोमन ‘कावळा’ नाहीसा का झाला?

नमस्कार.

नववीच्या मुलांना बरोबर घेऊन मी रोम आणि उत्तर आफ्रिकेतील कार्थेज यांच्यातील पहिल्या युद्धावर (इ.स.पू. २६४ ते २४१) एक छोटे प्रदर्शन उभे करत आहे. त्यातल्या एका फलकावरचे वाक्य मला खात्रीने लिहिता येईना, म्हणून जाणकारांकडे मदत मागत आहे. वाक्य असे होते : ‘कावळ्यामुळे (शत्रूच्या जहाजावर टाकायच्या लाकडी पुलामुळे) रोमन जहाजे वरून जड झाली, वादळात बुडाली आणि म्हणून रोमनांनी तो काढून टाकला.’ हे कारण इतक्या ठिकाणी वाचायला मिळते की मीही ते वर्षानुवर्षे वर्गात तसेच सांगत आलो. आता मात्र त्याबद्दल गंभीर शंका वाटू लागली आहे.

सिसिलीतील मेसाना शहरावरून युद्ध पेटले, तेव्हा रोमकडे कार्थेजशी समुद्रात दोन हात करील असे आरमार नव्हते. किनाऱ्यावर रुतलेली एक कार्थेजी युद्धनौका हाती लागली, तिच्या नमुन्यावरून १०० क्विन्क्वेरीम (वल्ह्यांच्या मोठ्या युद्धनौका) बांधल्या गेल्या, आणि जहाजे तयार होईपर्यंत वल्हेकऱ्यांना जमिनीवर बाकांवर बसवून तालात वल्ही ओढायला शिकवले, असे ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो. ही नवी जहाजे बोजड होती. ती उणीव भरून काढण्यासाठी जी युक्ती निघाली, तिला त्याने ‘कावळा’ म्हटले आहे.

पॉलिबियसने दिलेली मापे घेऊन आम्ही १:५० प्रमाणात तिची प्रतिकृती केली. नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, २४ फूट उंचीचा खांब आणि त्याच्या शेंड्याला कप्पी. त्या खांबाभोवती बसणारी, ४ फूट रुंद आणि ३६ फूट लांब अशी फळ्यांची शिडीवजा वाट, तिच्या दोन्ही कडांना गुडघ्याइतके कठडे, आणि टोकाखाली मुसळासारखा टोकदार लोखंडी खिळा. दोर सोडला की ही वाट शत्रूच्या जहाजावर आदळायची, खिळा त्याच्या फळ्यांत रुतायचा आणि सैनिक पलीकडे धावत जायचे. आमची वाट २२ सेंटीमीटरांची आहे. सुतळी ओढून ती उभी केली आणि जहाज पाण्याच्या परातीत सोडले, तेव्हा एका मुलीने बोटाने हलकेच लाट केली. जहाज एका अंगाला कलले आणि सावकाश सावरले. तिने विचारले, “सर, हे खरेच बुडाले असेल का?” तिच्या प्रश्नामुळेच मी पुन्हा मूळ वृत्तांताकडे वळलो.

इ.स.पू. २६० मध्ये सिसिलीतील मायलीजवळ रोमन सेनापती गायस दुइलियसने याच साधनाच्या बळावर कार्थेजचा पराभव केला. इ.स.पू. २५६ च्या एक्नोमसच्या लढाईतही पॉलिबियस कावळ्याचा उल्लेख करतो. त्यानंतर मात्र त्याच्या वृत्तांतात तो कुठेच येत नाही. इ.स.पू. २५५ मध्ये आफ्रिकेहून परतणारा रोमन ताफा सिसिलीच्या कामारिना किनाऱ्याजवळ वादळात सापडला, आणि ३६४ पैकी फक्त ८० जहाजे वाचली. या दोन गोष्टी जोडूनच वरचे वाक्य तयार झाले आहे. प्रत्यक्षात पॉलिबियस या संहाराचा दोष सेनापतींना देतो : सुकाणू सांभाळणाऱ्यांनी त्या किनाऱ्याने आणि त्या ऋतूत जाऊ नका असे वारंवार बजावले होते, तरी त्यांनी ऐकले नाही. तिथे कावळ्याचे नावही नाही.

माझ्या शंकेला आणखी दोन आधार आहेत. एक्नोमसच्या वेळी प्रत्येक जहाजावर ३०० वल्हेकरी आणि १२० सैनिक होते, असे तोच सांगतो. शस्त्रांसह एक सैनिक ८० किलोंचा धरला तरी १२० जणांचे वजन साडेनऊ टनांच्या वर जाते. दोन इंची फळ्यांची ती वाट, माझ्या हिशेबाने, कठडे आणि खिळा धरूनही एका टनाच्या आसपासच भरेल. दुसरे असे की इ.स.पू. २४९ मध्ये कामारिनाच्याच परिसरात आणखी एक रोमन ताफा वादळाने फोडून टाकला, आणि तोवर कावळ्याचा उल्लेख थांबून काही वर्षे झाली होती. त्याच वर्षी सिसिलीतील ड्रेपाना येथे रोमन सेनापती पब्लियस क्लॉडियस पल्चरने ९३ जहाजे गमावली. त्या लढाईत कार्थेजी जहाजे हलकी आणि चपळ असल्याचे वर्णन आहे; कावळे असते, तर त्यांना इतक्या निर्धास्तपणे जवळ येता आले असते का?

इ.स.पू. २४१ मध्ये एगेट्स बेटांजवळ शेवटचा विजय मिळवणाऱ्या रोमन सेनापती लुटॅटियस कॅटुलसची जहाजे वेगळ्या, जलद नमुन्यावर बांधलेली होती आणि लढाईला अनावश्यक असे सारे वजन त्यांवरून उतरवले होते. त्यामुळे मला वाटते की वल्हेकरी तरबेज झाल्यावर या साधनाची गरजच उरली नसावी. हे माझे अनुमान आहे आणि अनुमान म्हणूनच ते फलकावर जाईल.

जहाजबांधणी किंवा नौकानयन जाणणाऱ्यांना माझी विनंती आहे की, सुमारे ४० मीटर लांबीच्या वल्ह्यांच्या जहाजावर, तेही अगदी नाळेवर, एवढी उभी वस्तू असेल तर आडव्या लाटेत तिचा परिणाम कसा मोजावा, हे सोप्या गणितात समजावून सांगावे. वजन एक टन असले तरी ते किती उंचावर आहे याने फरक पडतो, हे मला कळते. पण १२० माणसांच्या तुलनेत तो किती, हे मांडता येत नाही. ग्रीक वाचणाऱ्यांपैकी कोणी असेल, तर पॉलिबियसच्या पहिल्या खंडातील २२ वे प्रकरण कृपया पाहावे. वाटेतले खांबासाठीचे छिद्र मागच्या टोकापासून १२ फुटांवर आहे. मग वाट उभी करताना मागचा १२ फुटांचा भाग कुठे जातो? आम्ही तो भाग जहाजाला पक्का बसवून पुढच्या २४ फुटांना बिजागरी लावली आहे. मूळ शब्दांतून तसा अर्थ निघतो का?

फलक पुढच्या शनिवारी रंगवायचा आहे. तोवर त्या वाक्याची जागा कोरी ठेवली आहे.