कारवानी रेस्क्यू कुत्री घरी आणावी का? घरात तेरा वर्षांची मांजर आहे

रानजाई_नागपूर
नमस्कार सगळ्यांना, थोडं लांब लिहून राहिले पण पूर्ण वाचा प्लीज. मागच्या महिन्यात काटोल रोडला एका ढाब्याच्या मागे एक कारवानी (आपल्याकडची सडपातळ, वेगाने पळणारी शिकारी कुत्र्याची जात) मादी सापडली, गळ्यात नायलॉनची दोरी रुतलेली, मागचा एक पाय टेकवत नव्हती. आमच्या ओळखीच्या एक ताई रेस्क्यूचं काम करतात त्यांनी उचलून आणली, जखम भरली, पायही आता बरा आहे. डॉक्टरांनी दात पाहून वय दोन-तीन वर्षं सांगितलं. बहुतेक कोणी शिकारीला पाळली असेल आणि पाय गेल्यावर सोडून दिली, हे माझं मत, खरं काय ते तिलाच माहीत. ताईंकडे आधीच सहा कुत्रे आहेत, त्या विचारून राहिल्या की तुम्ही घेता का.

आम्ही मनीषनगरला तिसऱ्या मजल्यावर, टू बीएचके, लिफ्ट आहे. मी, नवरा, मुलगा आठवीत, आणि सासरे वय ७१. आणि सोनी. सोनी म्हणजे आमची मांजर, तेरा वर्षांची, सासूबाईंनी पोसलेली. सासूबाई मागच्या दिवाळीनंतर गेल्या, तेव्हापासून सोनी बाबांच्याच पायाशी झोपते, बाबाही तिला वाटीत दूध दिल्याशिवाय चहा घेत नाहीत.

मुलगा तर कुत्री पाहून आला तेव्हापासून दुसरं काही बोलतच नाही. मलाही ती खूप आवडली, इतकी शांत की खोलीत आहे हे कळतही नाही, नुसती येऊन मांडीवर हनुवटी ठेवते. पण इतक्या पळणाऱ्या कुत्रीला फ्लॅटमध्ये ठेवणं बरोबर आहे का? नागपूरचा उन्हाळा तिला झेपेल का? आणि सोनीचं काय? सोसायटीचे सेक्रेटरी पण आत्तापासूनच म्हणून राहिले की मोठा कुत्रा चालणार नाही. ज्यांनी कारवानी, पश्मी (कारवानीचाच लांब केसांचा प्रकार) किंवा ग्रेहाउंड पाळलाय त्यांनी खरं खरं सांगा, गोड बोलू नका.

सोलापूरकर_बेसा
ताई, माझ्याकडे नऊ वर्षांपासून कारवानी नर आहे, मी मूळचा सोलापूरकडचा, आमच्याकडे गावात ही कुत्री घरोघरी असायची. याच जातीला कर्नाटकात मुधोळ म्हणतात, मुधोळच्या घोरपडे राजांनी हिची पैदास सांभाळली, आणि २००५ मध्ये पोस्टाने तिकीट काढलं त्यातही हे कुत्रं आहे. सांगायचा मुद्दा हा की हे आपल्याच मातीतलं जनावर आहे, हस्कीसारखं नाही की मे महिन्यात त्याच्यासाठी एसी लावून बसावं. पण म्हणून ४५ डिग्रीत बाहेर न्यायचं असंही नाही. आम्ही एप्रिल-मे मध्ये सकाळी साडेपाचला आणि रात्री नऊनंतरच नेतो, डांबरावर आधी आपला तळहात ठेवून पाहतो, आपल्याला चटका बसला तर त्याच्या पंजालाही बसतोच. दुपारभर कूलरसमोर झोपलेला असतो. उलट डिसेंबरात त्याला जास्त त्रास होतो, अंगावर चरबी नाही, केस बारीक, थंडी वाजून कुडकुडतो, जुना स्वेटर घालावा लागतो.

फ्लॅटचं टेन्शन घेऊ नका. ही कुत्री दिवसातले सोळा-सतरा तास झोपतात, खरंच. पळणं म्हणजे एक-दोन मिनिटांचं वादळ आणि मग परत झोप. तुम्हाला दोन वेळचं चांगलं फिरवणं जमलं पाहिजे, बस.

पण एक गोष्ट हात जोडून सांगतो. मोकळं सोडू नका. कधीच नाही. माझा कुत्रा तीन वर्षांचा होता, हाक मारली की यायचा, म्हणून मी हिंगण्याकडे मित्राच्या शेतात पट्टा काढला. ससा उठला. मी ओरडतच राहिलो आणि तो दिसेनासा झाला. सकाळी सातला गेला तो संध्याकाळी चार किलोमीटरवर एका बांधावर सापडला, छातीला काटेरी तारेने फाटलेलं, नऊ टाके पडले. त्याची चूक नव्हती, नजरेत शिकार आली की यांचे कान बंद होतात, शेकडो वर्षं माणसाने यांना त्याच्यासाठीच घडवलंय. आणि साधा पट्टा वापरू नका, यांचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं, मागे ओढलं की सर्रकन निघून येतो. मार्टिंगेल कॉलर घ्या, ओढल्यावर थोडा आवळतो पण गळा दाबत नाही. गळ्याची जखम ताजी असेल तर सध्या हार्नेस, तोही पोटामागून दुसरा पट्टा असलेला.

सेक्रेटरींना शांतपणे सांगा की २०१५ च्या अॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या गाइडलाइन्सप्रमाणे सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरी नाही. पण रेबीजच्या लसीचा कागद दाखवा, घाण स्वतः उचला, लिफ्टमध्ये कोणी घाबरत असेल तर त्यांना आधी जाऊ द्या. आमच्याकडे विरोध त्यानेच मावळला.

मांजरीचं मी सांगू शकत नाही, आमच्याकडे कधी नव्हती.

धरमपेठची_काकू
मांजरीचं मी सांगते. हे लिहायला मला जड जातंय, पण तुम्ही खरं विचारलंत.

आम्ही पाच वर्षांपूर्वी अशीच एक रेस्क्यू पश्मी मादी घेतली होती. घरात आमचा बोका होता. पहिले पंधरा दिवस दोघांना वेगळं ठेवलं, मग जाळीच्या दारातून ओळख, मग पट्ट्यात. सगळं पुस्तकात असतं तसं केलं. दोन महिने झाले, एकाच सोफ्यावर दोघं झोपायचे, मी फोटो काढून बहिणीला पाठवले. मग एक दिवस गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले, दोघंही मागे आले. बोका कशाला तरी घाबरून पळाला. एवढंच. तो पळाला आणि तिने त्याला गाठलं, मी कपड्याची बादली टाकून धावले तोवर संपलं होतं. आवाजसुद्धा झाला नाही.

ती कुत्री वाईट नव्हती हो. घरात बसलेला बोका तिला बोका वाटायचा, पळणारा बोका तिला ससा वाटला. नंतर आम्ही तिला दुसऱ्या चांगल्या घरी दिलं, तिथे मांजर नाही, ती सुखात आहे. पण मला अजूनही कपडे वाळत घालायला गेलं की आठवतं.

काही कारवानी मांजरासोबत आयुष्य काढतात, असे लोक मी पाहिलेत, पण बहुतेक पिल्लू असल्यापासून एकत्र वाढलेले. तुमच्या कुत्रीने तर आधी शिकार केलेली असू शकते. आणि तुमची सोनी तेरा वर्षांची आहे, तिने या वयात स्वतःच्या घरात जीव मुठीत धरून काहून राहावं? तुमच्या सासऱ्यांसाठी ती नुसती मांजर नाही हे तुम्हीच लिहिलंय.

व्हेट_इंटर्न_एनजीपी
ताई, काकूंनी लिहिलं ते खूप महत्त्वाचं आहे. हो-नाही ठरवायच्या आधी टेस्ट घ्या, पण खऱ्या सोनीवर घेऊ नका. सोनीचा टॉवेल न्या, हुंगू द्या. मग शक्य असेल तर जाळीच्या किंवा काचेच्या पलीकडे, सुरक्षित अंतरावर कोणाची तरी मांजर दिसू द्या, कुत्री पट्ट्यात, तोंडाला जाळीचा मझल. पाहिलं म्हणजे वाईट असं नाही, सगळेच पाहतात. हाक मारल्यावर किंवा चिकनचा तुकडा नाकाशी नेल्यावर ती मान वळवते का, ते बघा. वळवली तर आशा आहे. अंग ताठ, कान वर, थरथर, आणि खाण्याकडे लक्षच नाही, तर माझा सल्ला नाही असाच राहील.

कोणीही घेतलं तरी काही गोष्टी डॉक्टरांना आधीच सांगा. या जातींना भूल देताना जपावं लागतं, अंगावर चरबी कमी आणि यकृतही औषध हळू मोडतं, त्यामुळे जुनी थायोपेंटलसारखी औषधं लवकर उतरत नाहीत, आता त्याला पर्याय आहेत पण नसबंदीच्या आधी बोलून घ्या. दुसरं, आपल्याकडे गोचीड भरपूर त्यामुळे टिक फिव्हर नेहमीचा, आणि रक्तात प्लेटलेट कमी दिसल्या की पहिला संशय तोच येतो. पण ग्रेहाउंडसारख्या कुत्र्यांमध्ये प्लेटलेट मुळातच इतर कुत्र्यांपेक्षा कमी असतात आणि तांबड्या पेशी जास्त. म्हणून नुसत्या एका आकड्यावर उपचार सुरू न करता गोचिडाच्या आजाराची टेस्ट करून घ्या. छाती खोल असते म्हणून पोटभर खाल्ल्यावर लगेच पळवू नका, पोट फुगून पीळ पडू शकतो आणि मग तासाभराचाही वेळ नसतो. बरगड्या थोड्या दिसतात तो उपाशीपणा नाही, शेजारी बोलतील तरी भात वाढवू नका.

आणि फरशीवर झोपवू नका, कोपरांना घट्टे पडून जखमा होतात.

रानजाई_नागपूर
सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, तुमचं वाचून रात्री झोप आली नाही, पण तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं.

काल रविवारी बाबांना घेऊन ताईंकडे गेलो. सोनीचा टॉवेल दिला तर तिने हुंगला आणि शेपटी हलवली, मुलगा खूश. मग ताईंच्या शेजारची मांजर जाळीच्या दारापलीकडे कठड्यावर येऊन बसली. कुत्रीच्या तोंडात तेव्हा चिकनचा तुकडा होता, तो खाली पडला. अंग लाकडासारखं ताठ झालं, मागचे पाय थरथरू लागले. मी हाक मारली, ताईंनी मारली, मुलाने तुकडा उचलून नाकाशी धरला, तिला आम्ही कोणी दिसतच नव्हतो. मांजर उतरून गेली तरी पाच मिनिटं ती त्या कठड्याकडेच पाहत होती.

बाबा तोवर काही बोलले नव्हते. गाडीत बसल्यावर म्हणाले, "घर आधी सोनीचं आहे बेटा, आपण हिच्यासाठी दुसरं काही करू."

म्हणून आम्ही तिला घेत नाहीये. मुलगा रडला, मी पण. पण तिच्या नसबंदीचा खर्च आम्ही करणार आहोत, डॉक्टरांशी भुलीचं बोलून झालंय, आणि रोज संध्याकाळी मुलगा आणि मी तिला फिरवायला जाणार, मार्टिंगेल कॉलर आज ऑर्डर केली. ताईंकडे ती फरशीवरच झोपत होती, कोपरं खरंच लाल झाली होती. बाबांनी आल्या आल्या कपाटातून सासूबाईंच्या जुन्या साड्यांची गोधडी काढली, चांगली जाड आहे, उद्या नेऊन देतो.

नागपुरात किंवा आसपास कोणाला ती हवी असेल, घरात मांजर, ससे, कोंबड्या नसतील, अंगण असेल तर सहा फुटांचं कंपाउंड असेल, तर इथे मेसेज करा. लसी झाल्यात. रात्री बाहेर जायचं असलं की ती भुंकत नाही, नाकाने आपला हात हळूच वर उचलते.

सोलापूरकर_बेसा
ताई मेसेज केलाय. माझ्या भावाचं हिंगण्याला घर आहे, मांजर नाही, कोंबड्या नाहीत, कंपाउंड साडेपाच फूट आहे, वर जाळी लावून घेऊ. शनिवारी पाहायला येऊ का?