विषय: प्रोजेक्टरची ऑर्डर देण्याआधी

नमस्कार मंडळी,

हॉलसाठीचं मॉडेल जवळपास नक्की झालंय: उजेड ३६०० ल्युमेन्स, कॉन्ट्रास्ट (पांढरा काळ्यापेक्षा किती पट उजळ) २०,०००:१, 'फोर-के सपोर्ट', थ्रो रेशो १.१५ ते १.५. पडदा १६:९, रुंदी ३ मीटर. प्रोजेक्टर छताच्या तुळईला टांगायचा. तिथून पडदा ५.२ मीटरवर आहे. उद्या ऑर्डर देऊन टाकते. कुणाची हरकत?

– सचिव

---

ताई, माझी हरकत आहे. ल्युमेन्स राहू द्या बाजूला, आधी थ्रो रेशो बघा. लेन्सपासून पडद्याचं अंतर भागिले चित्राची रुंदी, एवढाच तो हिशेब. आपल्याला हवा ५.२ भागिले ३, म्हणजे १.७३. हे मॉडेल १.५ वरच थांबतं. झूम पूर्ण आवळला तरी तुळईवरून चित्र जवळजवळ साडेतीन मीटर रुंद पडेल आणि अर्धा मीटर भिंतीवर सांडेल. अंतर लेन्सपासून मोजायचं बरं का, ब्रॅकेटपासून नाही.

कॉन्ट्रास्टचा आकडा मी वाचतच नाही. तो अंधाऱ्या खोलीतला. आपल्या चित्राचं क्षेत्रफळ साधारण ५ चौरस मीटर, म्हणजे ३६०० ल्युमेन्सचे पडद्यावर ७२० लक्स (दर चौरस मीटरला पडणारा उजेड) झाले. दिवे चालू असताना पडद्यावर समजा १५० लक्स पडले, तर पांढरा भाग ८७० आणि 'काळा' १५०. वीस हजारांचे झाले सहा! पडद्यावरच्या दिव्यांना वेगळा स्विच करून घ्या. जास्त ल्युमेन्सच्या मागे लागण्यापेक्षा त्याने फरक पडेल. ल्युमेन्स मात्र आन्सी किंवा आयएसओ या प्रमाणित मापाचेच धरा. नुसते 'एलईडी ल्युमेन्स' लिहिले असतील तर तो आकडा सोडून द्या.

'फोर-के सपोर्ट' म्हणजे फोर-के, म्हणजे खूप बारीक तपशिलाचा, सिग्नल आत घेतो, एवढंच. दाखवतो स्वतःच्या पिक्सेलमध्येच. 'नेटिव्ह' रिझोल्यूशन, म्हणजे त्याचे स्वतःचे पिक्सेल किती, ते विचारा. १२८० बाय ८०० निघालं, तर १६:९ चित्राला त्यातल्या ७२० ओळीच लागतील, बाकीचा उजेड वाया.

– ध्वनी-प्रकाश समिती

---

तुळईला पुढे आडवा पाइप जोडून प्रोजेक्टर पडद्याकडे आणला तर? थोडं तिरकं पडलं तर चित्र चौकोनी करून देणारं कीस्टोन आहेच की!

– काका (कार्यकारिणी)

---

काका, पाइपला ना नाही. लेन्स पडद्यापासून ३.४५ ते ४.५ मीटरच्या मध्ये येऊ द्या, अगदी टोकाला नको. म्हणजे नंतर झूमने थोडंफार जुळवता येईल. पण पाइप लांब झाला की प्रोजेक्टर हलतो, आणि कुणी स्टेजवर उडी मारली की चित्रही नाचतं. त्यापेक्षा १.५ ते १.८ चं मॉडेल घेतलेलं बरं. ते तुळईवरच बसेल.

कीस्टोनच्या भरवशावर मात्र राहू नका. ते लेन्स हलवत नाही, चित्रच आत चेपून बसवतं. कडेचे पिक्सेल रिकामे जातात आणि गाण्याच्या ओळी दाखवताना रफार-अनुस्वार पुसट होतात. 'लेन्स शिफ्ट' असेल तर चित्र वर-खाली सरकतं, तेही न चेपता. ते नसेल तर माहितीपत्रकातला 'ऑफसेट' (लेन्सच्या मानाने चित्र किती वर-खाली पडतं तो आकडा) बघून पडद्याच्या वरच्या कडेशी उंची जुळवावी लागेल.

ताई, लॅपटॉप स्टेजजवळ असणार ना? छतातून फिरून केबल सहज १५ मीटर होईल. तेवढ्या लांबीला साधी एचडीएमआय फोर-केला दगा देते. ऑप्टिकल (प्रकाशतंतूची) एचडीएमआय घ्या, आणि छत बंद करण्याआधी ती दोन्ही टोकांना जोडून चित्र येतंय का ते बघा. तिला दिशा असते. उलटी ओढली तर काहीच दिसत नाही.

– ध्वनी-प्रकाश समिती